गोणपाटावर लिहिलेलं

इल्वाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे तिच्यावर दालचिनी पडणार हे उघड होतं. आमच्याकडे त्यातून कुणी सुटत नाही. पंचविसाव्या वाढदिवसाला दालचिनी, तिसाव्याला मिरपूड. मला दोन्ही पडल्या आहेत. एकतिसाव्या वर्षी माझं लग्न झालं, शिंका थांबल्यावर.

पाच किलो दालचिनीची पूड मीच आणली होती. एस्किलने ती फळ्यांच्या ढिगामागे लपवली. एस्किल आमचा सुतार. तो लाकडाचा सांगाडा करतो, मी त्यावर पट्टे ताणते, गवत भरते, शिवते आणि वरून कापड चढवते. काय करायचं ते इल्वा कागदावर काढते. आमच्या बेटावर स्टेगेच्या धक्क्याला मासळीची एक जुनी वखार आहे, तिथे आमचा तिघांचा कारखाना.

अडचण एवढीच होती की वाढदिवस बारा ऑगस्टला होता आणि तेरा तारखेला सकाळी अकरा वाजता ट्रक येणार होता.

ट्रक इल्वाचा सोफा न्यायला येणार होता. कोपनहेगनला शरदात फर्निचरचं एक प्रदर्शन भरतं. तिथे जागा मिळावी म्हणून इल्वाने तीन वर्षं अर्ज केला आणि तीन वर्षं नकार आला. यंदा कागदावरचं चित्र पसंत पडलं होतं, पण शेवटचा निर्णय परीक्षक प्रत्यक्ष सोफा बघून देणार होते.

"यंदा नाही झालं तर मी ऑर्हूसला जाते," तिने मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं. तिथल्या एका कंपनीत तिच्यासाठी नोकरी होती, दवाखान्यात ताटकळणाऱ्या लोकांच्या खुर्च्या कागदावर काढायची.

"त्याही कुणीतरी काढायला हव्यातच ना," एस्किल म्हणाला.

"काढतात ना. मुलाखतीला गेले तेव्हा बसून आलेय मी त्यांवर," इल्वा म्हणाली आणि कंबर धरून दाखवली.

एस्किल हसला. मी हसले नाही. नऊ वर्षांत आमच्या कारखान्यात आलेलं ते एकमेव माणूस होतं ज्याला शिकायचं होतं. ती गेली असती तर मी आणि एस्किल दोघं एकमेकांकडे बघत कॉफी पीत बसलो असतो.

सोफा मात्र चांगला झाला होता. त्यात फोम नव्हता, स्प्रिंगा नव्हत्या, चिकटवलेलं काहीही नव्हतं. सगळं भरण समुद्रगवताचं. आमच्या किनाऱ्याला ते लाटांबरोबर येऊन पडतं. शेतकरी ते रानात पसरतो, पावसाने त्यातलं मीठ धुऊन जातं, मग वाळवून गठ्ठे बांधतो. माझ्या आजोबांच्या वेळी सगळ्या बेटावर गाद्या त्याच्याच असत. नंतर फोम आला आणि गवत विस्मरणात गेलं. इल्वाने ते परत वापरात आणलं. वर मेंढीच्या लोकरीचं न रंगवलेलं, सायीच्या रंगाचं कापड होतं. ते मेरेटेने तिच्या मागावर विणलं होतं आणि विणून झाल्यावर बहिणीकडे ग्रीनलंडला निघून गेली होती.

सोफा ठेंगणा होता, एवढीच माझी तक्रार होती. जमिनीपासून बैठक तेहतीस सेंटिमीटर.

"बेचाळीस कर," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"बेचाळीस म्हणजे बसस्टॉपवरचा बाक, बोडिल."

"बसस्टॉपवरच्या बाकावरून माणसाला उठता येतं."

"हा सोफा किनाऱ्यासारखा वाटला पाहिजे. किनारा उंच असतो का?"

तिने काढलं, मी भरलं. आमच्या कामात शेवटचा शब्द चित्र काढणाऱ्याचा असतो. मी गप्प बसले. म्हणजे तोंडाने गप्प बसले.

बारा तारखेला सकाळी टेबलावर छोटा झेंडा लावला, क्रीमचा केक कापला, गाणं म्हटलं. एस्किलने त्यातला बँडचा भाग तोंडाने वाजवला आणि केकवर थुंकी उडवली. दुपारी सोफा शेवटची हवा खायला अंगणात काढून ठेवला. नवं गवत बंद खोलीत थोडं दर्याच्या वासाचं असतं, आणि परीक्षकांना वास नको होता. ऊन स्वच्छ होतं. दालचिनीचा कार्यक्रम चार वाजता, धक्क्याच्या टोकाला, सोफ्यापासून शंभर पावलांवर. सगळं नीट ठरलेलं होतं.

चार वाजता इल्वाच्या दोन मैत्रिणी आल्या. एस्किलने वेल्डिंगचा चष्मा लावला, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. पोरींनी इल्वाला धक्क्यावर गाठलं आणि आधी बादलीभर पाणी ओतलं, कारण कोरड्या अंगाला पूड चिकटत नाही. इथपर्यंत ठीक होतं. मग इल्वा निसटली. ओलीचिंब, किंचाळत, हसत ती सरळ कारखान्याच्या अंगणात पळाली आणि सोफ्यावर चढून उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"टाका! टाका बघू आता! आहे का कुणात हिंमत?"

तिला वाटलं, या सोफ्यावर दालचिनी टाकेल असा माणूस जगात नाही. तिचा हिशेब बरोबरही होता. मैत्रिणी थबकल्या. एस्किल थबकला. तिच्या बुटांतलं पाणी कापडावर टपकत होतं, तेवढं वाळलं असतं.

पण मी मागच्या दाराने येत होते. माझ्या हातात पिठाची मोठी परात होती, दालचिनीने शिगोशीग भरलेली, आणि ती तोंडासमोर धरल्यामुळे मला समोरचं काही दिसत नव्हतं. मला फक्त "टाका" ऐकू आलं.

मी टाकली.

वारा खाडीकडून होता. पूड एक क्षण हवेत तपकिरी ढगासारखी उभी राहिली आणि मग सावकाश, अगदी सारखी, इल्वावर आणि सोफ्यावर बसली. कुठेही जास्त नाही, कुठेही कमी नाही. मी आयुष्यात इतकं सारखं काहीही पसरलेलं नाही.

एस्किलने चष्मा वर केला.

"वास चांगला आहे," तो म्हणाला.

"एस्किल, तू आत जा," मी म्हटलं.

मैत्रिणींनी घाबरून हातांनी झटकायला सुरुवात केली, आणि जिथे जिथे कापड ओलं होतं तिथे पूड लोकरीत मुरली. इल्वा सोफ्यावरून उतरली. तिच्या भुवया, कान, ओठ सगळं तपकिरी झालं होतं, आणि गालांवरून दोन स्वच्छ रेघा खाली येत होत्या.

"इल्वा, पोरी, मी बघितलं नाही गं."

"तुझी चूक नाही," ती म्हणाली. "मीच चढले." आणि नाक ओढून पुढे म्हणाली, "ऑर्हूसला कळवते उद्या."

"उद्या अकरापर्यंत कुणी कुणाला काही कळवणार नाही," मी म्हटलं. "आधी अंघोळ कर."

ती गेल्यावर मी कापड नीट पाहिलं. धुणं शक्य नव्हतं, ती लोकर पाण्यात आखडली असती. मेरेटे ग्रीनलंडला. फळीवर हिरवं कापड होतं, एका दंतवैद्याच्या बाकांचं उरलेलं, ते जेमतेम सोफ्याच्या एका हाताला पुरलं असतं. कापड काढायला तर हवंच होतं, नाहीतर दालचिनीचं तेल खाली उतरलं असतं. मी शिवण उसवायची कात्री घेतली आणि तेवढ्यात मला आठवलं की कापडाखाली काय आहे.

एस्किलबरोबर सोफा आत आणून मी पुढच्या दाराला कडी लावली.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. जो खुर्ची भरतो तो कापड चढवण्याआधी आत दोन ओळी लिहून ठेवतो. तारीख, हवा, मनात असेल ते. चाळीस-पन्नास वर्षांनी दुसरा कुणी ती खुर्ची उघडतो तेव्हा त्याला ते सापडतं. मी तरुणपणी एक आरामखुर्ची उघडली होती, तिच्यात लिहिलं होतं: "१९३१. थंडी. मालकीण तीन दिवस डोक्यावर उभी आहे, कॉफी विचारत नाही." तो माणूस केव्हाच मेला होता आणि आम्ही दोघं मिळून त्या बाईला हसलो. तेव्हापासून मीही लिहिते. जाड काळ्या पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, आणि जरुरीपेक्षा अंमळ जास्तच लिहिते.

कापड निघालं. त्याखालचा लोकरीचा पातळ थरही डागाळला होता, तोही निघाला. खाली गोणपाट. गवत आत दाबून, सुतळीने टाक्यांच्या चार रांगा घालून कडा धरलेल्या, आणि त्यावर माझं सहा आठवड्यांचं लिखाण.

"दार का बंद आहे?" बाहेरून इल्वा.

"काम चाललंय."

"तुझ्या कामाला कधीपासून कडी लागते?"

पण मागचं दार एस्किलने उघडं ठेवलं होतं. ती ओल्या केसांनी आत आली आणि सोफ्यापुढे उभी राहिली. बैठकीच्या पुढच्या कडेवर सगळ्यात मोठी अक्षरं होती. तिने ती मोठ्याने वाचली.

"'उंची तेहतीस. फार कमी. मी सांगितलं. इल्वा ऐकत नाही. जो कुणी हे उघडेल त्याने पाय लांब करावेत.'" ती माझ्याकडे वळली. "तू माझ्या सोफ्यावर माझीच चुगली केलीस?"

"तुझ्याकडे नाही केली. पुढच्याकडे केली."

"पुढचा कोण?"

"कोण जाणे. अजून जन्मला नसेल."

"म्हणजे न जन्मलेल्या माणसाला माझ्याविरुद्ध फितवलंस!"

एस्किल आत येऊन पाठीचा भाग वाचायला लागला होता. "'१९ जुलै. गरम. एस्किलने दालचिनीचे तीन रोल खाल्ले, दोन सांगितले.' अगं, दोनच होते!"

"तीन."

"माझी बायको इथे आली तर वाचेल ना, बोडिल! डॉक्टरने साखर बंद केलीय माझी."

"मग खाऊ नकोस."

इल्वा आता सोफ्याच्या डाव्या हाताशी गुडघ्यांवर बसली होती. तिथे मी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कारण ते लिहिताना ती शेजारीच होती. हे तिने मोठ्याने वाचलं नाही. मला पाठ होतं: "२६ जुलै. हा हात इल्वाने स्वतः भरला. दाभण बोटात गेलं तरी उठली नाही. टाके माझ्यासारखे पडतात. तिला सांगायचं नाही, डोक्यावर बसेल."

मग ती उठली, टेबलाशी गेली, उरलेल्या केकचा तुकडा हातात घेऊन खाल्ला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "असाच पाठवायचा."

"असा म्हणजे?"

"असा. उघडा. कापडाशिवाय."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "ते आतलं आहे. कोपनहेगनच्या लोकांसाठी नाही लिहिलं मी."

"तुझे टाके बघ ना! असल्या कडा आता कोण घालतं? आणि आपण ते झाकून टाकतो!"

"झाकण्यासाठीच असतात ते. उघड्या अंगाने बाजारात जायचं का मी?"

"तू नाही जाणार, सोफा जाणार."

"एकच आहे."

मी खरंच रागावले होते. पन्नास वर्षं मी माझं काम स्वतःच्या हाताने कापडाखाली घालत आले. लोक म्हणतात, कापड किती छान आहे. त्याची सवय होते, मग ती आवडायलाही लागते. तिथे कुणी तुमच्या चुका मोजत नाही. पण दालचिनी मी टाकली होती, हेही खरं होतं. आणि सकाळी अकरा वाजता रिकामा ट्रक परत गेला असता तर मला ते बघवलं नसतं.

"कडेचे दोन टाके सैल आहेत," मी शेवटी म्हटलं. "लोकांना दाखवायचं तर ते तरी घट्ट करू दे."

मी सुई घेऊन सोफ्यावर बसले. दोन टाके घट्ट केले. मग उठायला गेले आणि उठता येईना. गुडघे माझ्या हनुवटीशी आणि बूड किनाऱ्यावर. एकदा झोका घेतला, दुसऱ्यांदा घेतला. शेवटी कुशीवर वळून चार पायांवर जमिनीवर उतरले आणि टेबलाला धरून उभी राहिले. सहा आठवड्यांत मी त्यावर एकदाही बसले नव्हते. भरताना आम्ही उभेच असतो.

इल्वा बघत होती. हसली नाही, हे तिचं मला फार आवडलं.

"दरवेळी असं होतं?" तिने विचारलं.

"एवढ्या खालून, हो."

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले. लिहिलंसुद्धा."

तिने पट्टी आणली. सोफ्याखाली लाकडाचे ठोकळे सरकवले, लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिलं, परत आली, एक ठोकळा काढला. एस्किल मध्येच म्हणाला, "बसस्टॉप." तिने त्याला ठोकळा फेकून मारला.

"एकोणचाळीस," ती म्हणाली. "त्यावर एक मिलिमीटर नाही."

"एक्केचाळीस."

"एकोणचाळीस, बोडिल."

सकाळी एस्किलने सहा वाजता चार नवे पाय कातले. मी पुढच्या कडेवर, जुन्या ओळीखाली लिहिलं: "१३ ऑगस्ट. आता एकोणचाळीस. बेचाळीस हवी होती." अकराला ट्रक आला आणि आम्ही दोघी ट्रकवाल्याच्या शेजारी बसून गेलो. बेटाच्या पुलावर इल्वाच्या कानातून अजून दालचिनी निघत होती.

परीक्षक तीन होते. दोघं तरुण, आणि त्यांची मुख्य योर्दिस, माझ्याच वयाची, पांढरे केस मुलग्यासारखे कापलेले. सोफा बघून तिघंही थांबले.

"कापड कुठे आहे?" तरुणांपैकी उंच असलेल्याने विचारलं.

इल्वाने सगळं खरं सांगितलं. बादली, सोफ्यावर चढणं, परात. दुसरा तरुण हसून हसून भिंतीला टेकला. त्याच्या स्वतःच्या पंचविशीला त्याला विजेच्या खांबाला बांधलं होतं म्हणे.

उंच मात्र हसला नाही. "गोष्ट मजेशीर आहे," तो म्हणाला. "पण नियमात लिहिलंय, वस्तू पूर्ण झालेली हवी. ही अर्धवट आहे."

मी पाहिलं, इल्वाचा हात खिशात गेला. बरोबर त्याच खिशात ऑर्हूसचं पत्र होतं, ती ते सोबत घेऊन आली होती.

मला अशा ठिकाणी बोलायची सवय नाही. पण मी बोलले.

"बसून बघा," मी म्हटलं. "सगळे टाके ओढून बघा. एक जरी सुटला तर आम्ही लगेच घेऊन जातो. माझं काम कालच पूर्ण झालं. कापड घातल्याने ते पूर्ण होत नाही, नुसतं दिसेनासं होतं."

उंचाने खरंच टाके ओढले. चारी कडा, एकेक करून, बोटाने. माझे ओढले, डाव्या हाताचे ओढले. मग तो बसला. जरा हलला, पाठ टेकली. गवत थोडं करकरलं, नवं असताना करकरतं.

"डावा हात आणि उजवा हात एकाच माणसाने केला?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "डावा हिचा आहे."

"फरक कळत नाही."

"तेच तिथे लिहिलंय."

योर्दिस आधीपासूनच वाकून वाचत होती. पुढची कड वाचून झाल्यावर ती काही न बोलता त्याच्या शेजारी बसली आणि मग उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. "बेचाळीस बरी झाली असती," ती म्हणाली. इल्वाने डोळे मिटले. "पण एकोणचाळीसला उठता येतं." मग ती उंचाकडे वळली. "तुझं काय?"

तो अजून बसलेलाच होता. "पूर्ण आहे," तो म्हणाला.

एवढ्यावर निवड झाली. योर्दिसने कागदावर काहीतरी लिहिलं आणि फक्त एक प्रश्न विचारला. लोक बसले तर पेन्सिल पुसली जाईल, तर दोरी बांधून लोकांना लांब ठेवायचं का? इल्वाने माझ्याकडे पाहिलं. लिखाण माझं होतं.

"सोफा आहे," मी म्हटलं. "बसू देत."

बाहेर रस्त्यावर आल्यावर इल्वाने मला इतक्या जोरात मिठी मारली की माझी टोपी पडली. मग तिने ऑर्हूसला फोन केला, आणि फोनवर ती इतकी नम्र होती की मी तिला ओळखलं नाही.

प्रदर्शन तीन आठवडे चाललं. पहिले काही दिवस कुणी बसेचना, सगळे वाकून वाचत. इल्वा शेवटी वैतागून ओरडली, "अहो, वर्तमानपत्र आहे का ते? बसा!" तेव्हापासून लोक बसायला लागले, आणि बसले ते उठेनात.

ऑक्टोबरात सोफा परत आला. आम्ही तो खिडकीशी ठेवून पाहिला. पाठीवरच्या ओळी फिक्या झाल्या होत्या. पुढच्या कडेवरची उंचीची तक्रार पार गेली होती, एक अक्षर उरलं नव्हतं. तिथे हजारो पोटऱ्या घासल्या होत्या.

"बघ," इल्वा म्हणाली. "लोकांनी माझ्या बाजूने निकाल दिला."

"इतके लोक बसले म्हणून पुसलं," मी म्हटलं. "आणि इतके का बसले?"

"कारण सोफा सुंदर आहे."

"कारण उठता येत होतं."

एस्किल म्हणाला, कॉफी गार होतेय, आणि तुम्ही दोघी बसून भांडा. आम्ही बसलो. तिघांना पुरेशी जागा होती.